देश उद्योजकतेला किती कार्यक्षमतेने बळ देतो, हे कसे मोजावे?

उद्योजकतेच्या बाबतीत कोणता देश कितव्या क्रमांकावर आहे, हे सांगणाऱ्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांचे मथळेही होतात. यांतल्या बहुतेक याद्या कोणाकडे काय आहे एवढेच सांगतात. ज्यांच्याकडे भांडवल, रस्ते, विद्यापीठे आणि सुटसुटीत कायदे आधीपासून आहेत, ते देश साहजिकच वर दिसतात. मात्र दोन शेतकऱ्यांची तुलना करताना आपण केवळ खळ्यातली पोती मोजत नाही. एकाची जमीन बागायत आहे आणि दुसऱ्याची कोरडवाहू, हे लक्षात घेऊनच कोणी जमिनीचे चीज केले ते ठरवतो. देशांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारता येतो: हाताशी असलेल्या परिस्थितीतून त्या देशाने किती आणि कशा प्रकारचे उद्योजक उभे केले? धोरण ठरवणाऱ्याला क्रमवारीपेक्षा या प्रश्नाचे उत्तर जास्त उपयोगी पडते, आणि साधी स्प्रेडशीट वापरता येणाऱ्या कोणालाही ते काढता येते. अर्थशास्त्राचे किंवा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर विद्यार्थी, धोरणविषयक काम करणारे संशोधक आणि आकडेवारीवर लिहिणारे पत्रकार यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

पद्धतीची ओळख

या कामासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, अर्थात डीईए. तिचा पाया मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्ये उत्पादक कार्यक्षमतेवरील निबंधात घातला आणि १९७८ मध्ये अब्राहम चार्न्स, विल्यम कूपर व एडवर्डो ऱ्होड्स यांनी तिला लिनिअर प्रोग्रॅमिंगचे, म्हणजे ठरावीक अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या गणिताचे, आजचे रूप दिले. ऱ्होड्स यांच्यासमोरचा मूळ प्रश्न कारखान्यांचा नव्हता. अमेरिकेत वंचित मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा शैक्षणिक कार्यक्रम चालत होता आणि त्यात सहभागी झालेल्या शाळांची तुलना त्यांना करायची होती. मुलांचे वाचन, गणित आणि आत्मविश्वास यांची बाजारात किंमत ठरत नाही, त्यामुळे या तिन्हींची बेरीज कोणत्या दराने करायची हेच ठरत नव्हते. देशांची उद्योजकता मोजतानाही आपण याच अडचणीत असतो, कारण सोप्या कायद्याची किंमत किती आणि शालेय उद्योजकता-शिक्षणाची किती, हे सांगणारा दर कोठेही मिळत नाही.

डीईए या अडचणीतून न्याय्य वाट काढते. प्रत्येक निविष्ठेला (हाताशी असलेल्या साधनाला) आणि प्रत्येक फलिताला (त्यातून निघालेल्या परिणामाला) किती वजन द्यायचे, हे अभ्यासक ठरवत नाही. ज्या वजनांमुळे एखादा देश जास्तीत जास्त चांगला दिसेल, तीच वजने त्या देशापुरती वापरली जातात. इतकी सवलत देऊनही इतर देश किंवा त्यांचे मिश्रण त्याच्या पुढे जात असेल, तर ती उणीव वजनांच्या निवडीतून आली, अशी तक्रार त्या देशाला करता येत नाही.

पहिली पायरी: फलित म्हणजे नेमके काय, ते ठरवणे

माझ्या मते या कामातला सर्वांत जास्त वेळ येथेच गेला पाहिजे. गणित संगणक करून देतो, पण उद्योजकता कशाला म्हणायचे हे तो सांगत नाही.

पहिला उपलब्ध स्रोत म्हणजे ‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’, ज्याला सर्रास ‘जेम’ म्हटले जाते. अमेरिकेतील बॅबसन कॉलेज आणि लंडन बिझनेस स्कूल यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि त्याचा पहिला अहवाल १९९९ मध्ये दहा देशांवर निघाला. भारतात हे काम अहमदाबादच्या भारतीय उद्यमिता विकास संस्थेच्या पुढाकाराने चालते. प्रत्येक सहभागी देशात किमान २,००० प्रौढांना प्रश्न विचारले जातात. १८ ते ६४ या वयोगटातील जे लोक व्यवसाय उभारण्याच्या खटपटीत आहेत किंवा साडेतीन वर्षांपर्यंत वय असलेला व्यवसाय चालवत आहेत, त्यांची टक्केवारी हा त्याचा मुख्य निर्देशक आहे आणि त्याला ‘टीईए’ म्हणतात. येथे नोंदणीची अट नसल्यामुळे घरगुती खाणावळ काढणारी बाईही मोजली जाते, ही या मापाची मोठी जमेची बाजू आहे.

याच बाजूत त्याची अडचणही दडलेली आहे. अनेक गरीब देशांत टीईए उंच असतो आणि जपान, जर्मनी, इटली यांसारख्या देशांत तो कमी असतो, कारण जेथे पगाराची नोकरी मिळत नाही तेथे माणसे पोटासाठी धंदा काढतात. नुसता टीईए फलित म्हणून घेतला, तर नोकऱ्यांचा दुष्काळ हीच कार्यक्षमता ठरते. म्हणून टीईएबरोबर गुणवत्तेचे एखादे फलित घेतलेच पाहिजे. पुढील पाच वर्षांत सहा किंवा अधिक नोकऱ्या निर्माण होतील अशी अपेक्षा असलेल्या नव्या उद्योजकांचे प्रमाण, किंवा साडेतीन वर्षांहून जुने व्यवसाय चालवणाऱ्या प्रौढांचे प्रमाण, हे त्यासाठी चांगले पर्याय आहेत. नाइलाजाने धंद्यात उतरलेल्यांचा वाटा वजा करण्याचाही एक मार्ग आहे, पण तेथे जपून चालावे लागते. २०१९ पासून जेमने प्रेरणांचे प्रश्न बदलले, आता उत्तर देणारा एकापेक्षा अधिक कारणांना होकार देऊ शकतो, आणि त्यामुळे आधीची ‘गरज की संधी’ ही विभागणी नंतरच्या वर्षांशी जोडता येत नाही.

दुसरा स्रोत जागतिक बँकेच्या नव्या कंपन्यांच्या नोंदीचा आहे. १५ ते ६४ वयाच्या दर हजार लोकांमागे एका वर्षात किती मर्यादित दायित्वाच्या कंपन्या नोंदल्या गेल्या, हे तो सांगतो आणि या आकड्याला नव्या व्यवसायांची घनता म्हणतात. आकडा सरकारी दप्तरातून येत असल्यामुळे तो निःशंक वाटतो, पण तो काय वगळतो ते पाहा. आपल्याकडे दुकान, गॅरेज किंवा शिवणकामाचा व्यवसाय काढणारा माणूस कंपनी नोंदवत नाही. तो ‘गुमास्ता’ काढतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला तर केवळ ऑनलाइन सूचना पुरते. असे लाखो मालकी व्यवसाय या घनतेत येतच नाहीत, म्हणून भारताची घनता फार तोकडी दिसते. याच्या उलट एस्टोनिया डिसेंबर २०१४ पासून परदेशी नागरिकांना ‘ई-रेसिडेन्सी’ देतो आणि ते आपल्या घरी बसून तेथे कंपनी काढू शकतात. त्या कंपन्या अंशात मोजल्या जातात, पण त्यांचे मालक छेदातल्या लोकसंख्येत नसतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीचे माप नाहीत.

यावरून मी एक नियम पाळतो: जे फलित घ्यायचे आहे, त्यात आपल्या ओळखीतला एखादा खरा व्यावसायिक मोजला जाईल की नाही, हे आधी तपासावे. तो गळत असेल, तर त्याची नोंद अहवालाच्या पहिल्या पानावर करावी.

दुसरी पायरी: निविष्ठा निवडणे

येथे निविष्ठा म्हणजे देशाने पुरवलेली परिस्थिती. जेमच्या तज्ज्ञ-सर्वेक्षणात प्रत्येक देशातील किमान ३६ जाणकारांना वित्तपुरवठा, सरकारी धोरण, कर व कागदपत्रांचा बोजा, शालेय आणि शालेयोत्तर शिक्षण, संशोधनाचे हस्तांतर, भौतिक सुविधा, बाजारातील प्रवेशाची मोकळीक, समाजाची धारणा अशा घटकांवर गुण द्यायला सांगितले जाते. हे गुण पूर्वी १ ते ५ या पट्टीवर होते, नंतर १ ते ९ आणि आता ० ते १० या पट्टीवर आहेत, त्यामुळे जुनी आणि नवी वर्षे सरळ एकत्र करणे ही ढोबळ चूक ठरते. शिवाय जाणकार आपल्या देशाची तुलना मनातल्या अपेक्षेशी करतात. जेथे अपेक्षा उंच आहेत तेथील तज्ज्ञ चांगल्या व्यवस्थेलाही हात आखडून गुण देतात, मग निविष्ठा कमी दिसते आणि देश आहे त्यापेक्षा कार्यक्षम भासतो. म्हणून तज्ज्ञांच्या मतांबरोबर दरडोई खासगी कर्ज किंवा संशोधनावरील खर्च यांसारखी किमान एक मोजलेली निविष्ठा जरूर घ्यावी.

जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालाचा मोह अनेकांना होतो, कारण त्यात जवळजवळ सर्व देश सापडतात. भारत २०१५ च्या आवृत्तीतील १४२ व्या स्थानावरून २०२० च्या आवृत्तीत ६३ व्या स्थानावर आला, हे आपल्याकडे गाजले होते. मात्र भारताची ती मोजणी फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवर आधारलेली होती. नांदेडच्या किंवा चिपळूणच्या उद्योजकाचा अनुभव त्यात नव्हता. पुढे २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांमध्ये चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत अनियमितता आढळल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने हा अहवाल कायमचा बंद केला. त्याच्या जागी २०२४ मध्ये ‘बी-रेडी’ हा नवा अहवाल ५० अर्थव्यवस्थांपासून सुरू झाला. जुने आकडे वापरायचेच असतील तर ही पार्श्वभूमी लिहावी आणि त्यांच्याशिवाय केलेले गणितही शेजारी द्यावे.

तिसरी पायरी: तक्ता तयार करणे

निविष्ठा आणि फलिते मिळून चार-पाचच्या वर जाऊ नयेत. देशांची संख्या निविष्ठा व फलितांच्या एकूण संख्येच्या किमान तिप्पट आणि त्यांच्या गुणाकाराहून जास्त असावी, असा संकेत आहे. तीन निविष्ठा आणि दोन फलिते असतील, तर निदान १५ देश हवेत. माझा आग्रह मात्र तिसाच्या पुढे जाण्याचा असतो, कारण स्तंभ वाढले की प्रत्येक देशाला कुठल्या तरी कोपऱ्यात पहिले येण्याची सोय होते आणि निम्मी यादी शंभर टक्के कार्यक्षम निघते.

परिस्थितीचा परिणाम लगेच दिसत नाही. त्यामुळे निविष्ठा दोन-तीन वर्षे आधीच्या आणि फलिते नंतरची, तीही शक्य असल्यास तीन वर्षांच्या सरासरीने घ्यावीत. प्रत्येक निविष्ठा ‘जास्त म्हणजे जास्त साधन’ आणि प्रत्येक फलित ‘जास्त म्हणजे जास्त चांगले’ या दिशेने असले पाहिजे. एखाद्या स्तंभाची दिशा उलटी राहिली, तर संगणक कुरकुर न करता चुकीचे उत्तर देतो. आकडा उपलब्ध नसलेल्या देशाला सरासरी देऊन भरण्यापेक्षा तो वगळावा, कारण या पद्धतीत एकच खोटा आकडा सीमेवर, म्हणजे ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना होते त्या सर्वोत्तम देशांच्या रेषेवर, जाऊन बसला तर इतर सर्वांचे गुण बिघडवतो.

चौथी पायरी: प्रारूप निवडणे

समजण्यासाठी चार काल्पनिक देश घेऊ. निविष्ठा म्हणजे परिस्थितीचा एक गुणांक आणि फलित म्हणजे दर हजारी नवे व्यवसाय. ‘क’ देशाची निविष्ठा ४ आणि फलित २, ‘ख’ची ५ आणि ५, ‘ग’ची ८ आणि ६, ‘घ’ची ७ आणि ४ आहे.

चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांच्या मूळ प्रारूपात निविष्ठा दुप्पट केली की फलितही दुप्पट व्हावे, असे गृहीत धरलेले असते. मग फलिताला निविष्ठेने भागायचे आणि सर्वोत्तम गुणोत्तराशी तुलना करायची. ‘ख’चे गुणोत्तर १ आहे, म्हणून तो १०० टक्के, ‘ग’ ७५ टक्के, ‘घ’ सुमारे ५७ टक्के आणि ‘क’ ५० टक्के ठरतो.

राजीव बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपात हे दुपटीचे गृहीतक सोडून दिले जाते आणि प्रत्येक देशाची तुलना त्याच्या जवळपासच्या आकारमानाशी होते. येथे ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ हे तिन्ही बिंदू सीमेवर येतात. ‘घ’ची निविष्ठा ७ आहे, ‘ख’चा एक तृतीयांश आणि ‘ग’चा दोन तृतीयांश भाग मिसळला तर निविष्ठा नेमकी ७ होते आणि फलित ५.६७ मिळते. ‘घ’चे फलित ४ असल्याने त्याची कार्यक्षमता सुमारे ७१ टक्के निघते.

तज्ज्ञांचे गुण आणि लोकसंख्येतील टक्केवारी यांना दुपटीचे गृहीतक लागू पडत नाही. ८ गुणांची व्यवस्था ४ गुणांच्या दुप्पट चांगली असते, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून अशा आकड्यांसाठी १९८४ चे प्रारूप वापरावे. पण ‘क’कडे पुन्हा पाहा: सर्वांत कमी निविष्ठा असल्यामुळे त्याच्या तुलनेला दुसरा कोणी नाही आणि केवळ त्यामुळे तो १०० टक्क्यांवर गेला आहे. खऱ्या अभ्यासातही यादीच्या तळाशी असलेला एखादा गरीब देश असाच ‘कार्यक्षम’ निघतो. त्याचे कौतुक करण्याऐवजी ‘तुलनेसाठी जोडीदार नाही’ असा शेरा त्याच्यापुढे लिहावा.

परिस्थिती वाईट करून कार्यक्षमता वाढवा, असा सल्ला कोणत्याही सरकारला देता येत नाही. त्यामुळे ‘आहे त्या निविष्ठेत फलित किती वाढू शकते’ असे विचारणारी फलिताभिमुख मांडणीच येथे योग्य आहे.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष गणित

एक्सेलमधील सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वोत्तम उत्तर शोधणारी सोय, पुरेसा आहे. पहिल्या स्तंभात देशांची नावे, दुसऱ्यात निविष्ठा, तिसऱ्यात फलित आणि चौथ्यात प्रत्येक देशाचे मिश्रणातील प्रमाण, म्हणजे लॅम्डा, ठेवावा. एका स्वतंत्र चौकटीत वाढीचा गुणक ठेवावा. सॉल्व्हरला हा गुणक जास्तीत जास्त करायला सांगावे आणि बदलण्याच्या चौकटी म्हणून सर्व लॅम्डा व तो गुणक द्यावा. अटी तीन आहेत: मिश्रणाची निविष्ठा तपासल्या जाणाऱ्या देशाच्या निविष्ठेपेक्षा जास्त नसावी, मिश्रणाचे फलित त्या देशाच्या फलिताला गुणकाने गुणून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी नसावे, आणि सर्व लॅम्डांची बेरीज १ असावी. निविष्ठा किंवा फलिते अनेक असतील, तर प्रत्येकासाठी अशी एक अट वाढते. पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडावी.

‘घ’साठी उत्तर १.४२ येते, म्हणजे फलित ४२ टक्क्यांनी वाढण्यास वाव आहे. १ ला या संख्येने भागले की वरचे ७१ टक्के मिळतात. चल संख्या ऋण होऊ न देण्याच्या पर्यायावर खूण आहे ना, हे दर वेळी पाहावे. एकदा माझ्याकडून ती खूण राहिली होती. एका देशाचा लॅम्डा ऋण आला, गुण अवाच्या सवा वाढले आणि पूर्ण तक्ता पुन्हा करावा लागला. प्रत्येक देशासाठी सॉल्व्हर नव्याने चालवावा लागत असल्यामुळे वीस-पंचवीस देशांनंतर ‘आर’ या मोफत प्रणालीतील ‘बेंचमार्किंग’ हे पॅकेज वापरणे सोयीचे पडते, पण पहिले दोन-तीन देश हाताने करावेत.

सहावी पायरी: निकाल वाचणे

टक्केवारीपेक्षा लॅम्डाचा स्तंभ अधिक बोलका असतो. ‘घ’च्या धोरणकर्त्याला ‘तुम्ही ७१ टक्क्यांवर आहात’ हे सांगून फारसे काही हाती लागत नाही. तुमचे संदर्भ-देश, म्हणजे ज्यांच्या मिश्रणाशी तुमची तुलना झाली ते देश, ‘ख’ आणि ‘ग’ आहेत आणि त्यांतही ‘ग’शी तुमचे अधिक साम्य आहे, हे सांगितले की पुढे काय अभ्यासायचे ते ठरते. त्या दोन देशांत परवाना किती दिवसांत मिळतो, तारणाशिवाय कर्ज कोण देते, धंदा बुडाल्यावर माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे प्रश्न मग नावानिशी विचारता येतात.

त्याचबरोबर शंभर टक्क्यांवरील देशांची वजनेही तपासावीत. एखाद्या देशाने एका फलितावर सगळे वजन टाकून बाकीच्यांना शून्य दिले असेल, तर तो एकाच विषयात पहिला आलेला विद्यार्थी आहे. तो इतर किती देशांचा संदर्भ-देश झाला आहे, हे मोजणे ही सोपी चाचणी आहे. जो कोणाचाच संदर्भ-देश नाही, त्याच्या शंभर टक्क्यांना जपून घ्यावे.

सातवी पायरी: निकाल हलवून पाहणे

सीमेवरील एकेक देश काढून गणित पुन्हा करावे. एकाच्या जाण्याने इतरांचे गुण पंधरा-वीस टक्क्यांनी उडत असतील, तर त्या देशाचा मूळ आकडा पुन्हा तपासावा. सर्वेक्षणाच्या आकड्यांत नमुन्याची चूक असतेच, म्हणून लिओपोल्ड सिमार आणि पॉल विल्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत (हाती असलेल्या आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने तयार करून गणित करणे) वापरून प्रत्येक गुणाभोवती वरची-खालची मर्यादा द्यावी. ज्या दोन देशांच्या मर्यादा एकमेकींत मिसळतात, त्यांच्यात वर-खाली ठरवू नये.

दरडोई उत्पन्न, बेरोजगारी, लोकसंख्या यांचा परिणाम पाहण्यासाठी पुष्कळ जण कार्यक्षमतेचे गुण घेऊन थेट समाश्रयण (रिग्रेशन) करतात. हे गुण एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे त्यातून मिळणारे निष्कर्ष विश्वासार्ह नसतात, असे याच दोघांनी २००७ मध्ये दाखवून दिले आणि दुरुस्त पद्धतही दिली. ती झेपत नसेल, तर उत्पन्नगटानुसार देश वेगळे करून प्रत्येक गटाचे स्वतंत्र गणित करावे.

अनेक वर्षांचे आकडे असतील तर माल्मक्विस्ट निर्देशांक काढता येतो. देश सीमेच्या किती जवळ सरकला आणि सीमा स्वतः किती पुढे गेली, हे तो वेगवेगळे सांगतो. देशाचे गुण वाढले असतील पण सीमा मागे आली असेल, तर ती प्रगती त्या देशाची नसून इतरांची पीछेहाट आहे. महामारीची २०२० आणि २०२१ ही वर्षे मध्ये येत असतील, तर हे दोन भाग एकाच आकड्यात मिसळून छापू नयेत. तक्त्यात त्यांना दोन स्वतंत्र स्तंभ द्यावेत.